बुडालेला बांध आणि पिठाचा गोळा

गळ टाकून पाण्याच्या काठी बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचारही आपण एखादा भोळा माणूस फसला म्हणजे वापरतो. मासा भोळा, गळ टाकणारा आळशी आणि बाकी सारा नशिबाचा खेळ, अशी एकंदर कल्पना असते. पण आठ-दहा वर्षे पाण्यात काढलेला दहा किलोचा मासा भोळा असता तर तो दहा किलोचा झालाच नसता. त्याला काठावरून धरायचे तर तो काय खातो, कसा खातो आणि कोठे खातो या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असावी लागतात. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे गळाच्या एका पद्धतीची माहिती देण्याचा विचार आहे.

ही पद्धत म्हणजे तळावर आमिषाची टोपली सोडून मासेमारी करणे. इंग्लंडमध्ये या टोपलीला ‘फीडर’ म्हणजे खाऊ घालणारा असे नाव आहे. आपल्याकडे उजनीच्या काठावर हेच काम तारेच्या स्प्रिंगने करतात. आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी धरणकाठच्या गावांतून येतात. त्यांनी स्प्रिंगवर पिठाचा गोळा दाबून गळ फेकणारी माणसे लहानपणापासून पाहिली असतील. ज्याच्यापाशी होडी नाही आणि जाळे विकत घेण्याइतका पैसा नाही, त्याला घरच्या कालवणासाठी हेच साधन परवडते. म्हणूनच ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

मासा कसा खातो?

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड अशा तालुक्यांतून मैलोगणती पसरला. या पाण्यात आज जे मोठे मासे मिळतात त्यांतील रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे भीमेचे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात वितात, साठवणीच्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. पुढे बीज केंद्रांत तयार होऊ लागले आणि देशभरच्या धरणांत सोडले जाऊ लागले. सायप्रिनस तर त्याहून दूरचा. तो परदेशातून १९३९ मध्ये प्रथम भारतात आला, तर चिलापी १९५२ मध्ये आली. आज चिलापीने उजनीत किती बस्तान बसविले आहे, हे भिगवणच्या मासळीबाजारात एक फेरी मारली की समजते.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे चारही मासे एकाच मोठ्या कुळातले. या कुळाची दोन वैशिष्ट्ये गळ टाकणाऱ्याने पाठ केली पाहिजेत. पहिले असे की, यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. त्यामुळे हा मासा घास तोडत नाही. तो तोंड पुढे काढून पाण्यासकट घास आत ओढतो, चाचपतो, आणि खडा, काडी किंवा काही टोचणारे लागले की तत्काळ बाहेर थुंकतो. दुसरे असे की, या माशांना खरे जठर नसते. अन्न घशातून सरळ आतड्यात जाते. त्यामुळे एकदा पोट भरून मग दिवसभर पडून राहणे त्याला जमत नाही. तो थोडे थोडे, पण बराच वेळ खात हिंडतो.

चौघांच्या तोंडांची ठेवण मात्र वेगवेगळी आहे. कटल्याचे तोंड वरच्या दिशेला वळलेले असते, कारण तो वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो. त्याचा ओठ झालरीसारखा असतो. मृगळ तळाशी चरतो. सायप्रिनसही तळाचाच. त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्या मिशांना चव कळते. तो चिखलात तोंड खुपसून किडे, अळ्या, दाणे काढतो. यावरून सहज ध्यानात येईल की, तळावर ठेवलेल्या टोपलीकडे आधी सायप्रिनस आणि मृगळ येणार, रोहू मागाहून खाली उतरणार, आणि कटल्यासाठी मात्र पीठ पाण्यात विरघळून ढगासारखे वर उठेल असे करावे लागणार.

आणखी एक गोष्ट. या कुळातील माशांच्या पोटातील हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. म्हणून त्यांना ऐकू फार चांगले येते. काठावर धपधप पाय आपटत चालणाऱ्याला मासा का लागत नाही, याचे उत्तर नशिबात नसून या हाडांत आहे.

टोपली आणि तिचा परिवार

टोपलीचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिला जाळीचा नळा. दोन्ही तोंडे उघडी, बुडाला शिशाची पट्टी. यात ओलसर पीठ भरतात, ते पाण्यात पडल्यावर जाळीतून सुटत जाते. दुसरा भोके पाडलेला बंद नळा. यात गांडुळांचे तुकडे किंवा अळ्या भरतात आणि त्या भोकांतून हळूहळू बाहेर येतात. शिंगट्यासारखा मांसाहारी मासा हवा असेल तर हा नळा उपयोगी. मरळ मात्र हलत्या भक्ष्यावर झडप घालणारी असल्यामुळे तिच्यासाठी टोपलीचा फारसा उपयोग होत नाही. तिसरा प्रकार चपट्या बुडाचा. त्याच्या वरच्या बाजूला पीठ साच्याने दाबून बसवतात. बूड जड असल्यामुळे तो नेहमी पीठ वर राहील असाच तळावर बसतो.

आपली स्प्रिंग या तिसऱ्या प्रकाराची नातेवाईक म्हणता येईल. जाड तारेचे वेटोळे, त्यावर दाबलेला पेरूएवढा पिठाचा गोळा आणि भोवती चार-सहा गळ. मासा गोळा चोखू लागला की एखादा गळ तोंडात जातो. युक्ती उत्तम आहे. पण गळ पुष्कळ असल्याने काही वेळा ते माशाच्या कल्ल्याला किंवा पोटाला बाहेरून रुततात. मासा जखमी होऊन सुटतो आणि वाया जातो. पीठ आणि जागा बरोबर असेल तर एक गळ पुरतो.

तंगूस म्हणजे नायलॉनचा धागा. मोठ्या माशासाठी तो साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. जाड धागा मजबूत खरा, पण तो पाण्यात दिसतो आणि लांब जात नाही. टोपलीपासून गळापर्यंतचा जो शेवटचा तुकडा, तो मुख्य धाग्यापेक्षा किंचित कच्चा ठेवावा. गळ कोठे अडकलाच तर तेवढाच तुकडा तुटतो. जाळीच्या नळ्याला हा तुकडा अर्धा ते एक मीटर ठेवतात. चपट्या टोपलीला मात्र जेमतेम चार बोटे, कारण तेथे गळ पिठातच लपवायचा असतो. टोपली धाग्यावर सरकती असावी, गाठीने पक्की बांधलेली नसावी. कधी मुख्य धागा तुटला तरी माशाच्या मागे शिशाचे ओझे जन्मभर लोंबकळत राहत नाही.

गळाच्या बाबतीत एक शोध विशेष सांगण्याजोगा आहे. त्यासाठी इंग्लंडकडे वळावे लागेल, कारण सायप्रिनसच्या शिकारीचा सर्वांत बारकाईने अभ्यास तेथेच झाला. तेथील रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा सायप्रिनस धरला आणि तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. एवढा मोठा मासा ठरवून, अभ्यास करून धरता येतो, हे त्यामुळे लोकांना पटले. मासे मात्र शहाणे होत गेले आणि गळ लागताच घास थुंकू लागले. १९८० च्या सुमारास लेन मिडल्टन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी टाकीतील मासे पाहून यावर उपाय काढला. त्यांनी आमिष गळाला न टोचता, गळाला बांधलेल्या केसाएवढ्या बारीक धाग्यात ओवले. मासा आमिष निर्धास्तपणे ओढतो, मागोमाग मोकळा गळ तोंडात जातो, आणि थुंकताना त्याचे टोक ओठात रुतते. माशाच्या थुंकण्याच्या सवयीचाच येथे उपयोग करून घेतला आहे. मक्याचा दाणा किंवा शिजवलेला हरभरा असा ओवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

पीठ मळण्याची रीत

पिठाचे काम दोन टप्प्यांचे आहे. फेकताना ते टोपलीतून सुटता कामा नये, आणि तळाला टेकल्यावर काही मिनिटांतच ते फुटले पाहिजे. घट्ट कणकेचा गोळा दगडासारखा पडून राहतो. अगदी सैल मळला तर तो हवेतच उडून जातो.

गव्हाचा कोंडा दोन भाग, शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून एक भाग, मक्याचे पीठ एक भाग, असे प्रमाण सुरुवातीला पुरे. चिकटपणासाठी मूठभर कणीक घालावी. पाणी एकदम ओतू नये. हबका मारून कालवावे, पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे, कारण कोंडा पाणी हळूहळू पितो. मग पुन्हा हबका मारून चाळणीतून काढावे. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा आणि अंगठ्याने ढोसल्यावर भुगा व्हावा, ही त्याची खूण. बादलीभर पाण्यात टोपली सोडून ती किती वेळात मोकळी होते, हे आधीच पाहून घ्यावे. वासासाठी कोणी बडीशेप घालतात, कोणी हिंग, कोणी वेलची. मात्र वास चिमटीएवढाच असावा.

गळावरचे आमिष पिठापेक्षा टणक असावे. उजनीत याला फार महत्त्व आहे, कारण चिलापीची पिल्ले कणकेची गोळी दोन मिनिटांत कुरतडून संपवितात. शिजवलेला मका किंवा हरभरा त्यांच्या तोंडात मावत नाही, तो मोठ्या माशाची वाट पाहत थांबतो. दाणे मात्र भिजवून, पुरते शिजवूनच वापरावेत. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

किती पीठ टाकावे? पंगतीत वाढपी सगळे पातेले एकाच पानात उपडे करीत नाही, फिरून फिरून वाढतो. तसेच येथेही करावे. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांनी चार-सहा टोपल्या एकाच जागी सोडाव्यात, मग दहा-पंधरा मिनिटांनी एक. माशाला तेथे थांबावेसे वाटावे, पण शोधण्याची गरज संपू नये. थंडीत पाणी गार होते, माशाचे शरीरही गार होते आणि भूक मंदावते. तेव्हा पीठ निम्म्यावर आणावे.

जागा

साधने पैशाने मिळतात, पीठ घरात मळता येते. जागा मात्र शोधावीच लागते, आणि या विद्येचा कस येथे लागतो. दहा टोपल्या दहा ठिकाणी पडल्या तर त्या दहाही वाया गेल्या. म्हणून समोरच्या काठावरील एखादे झाड किंवा मनोरा नेमून त्याच दिशेने फेकावे, आणि एकदा अंतर ठरले की रिळावरील धाग्याला खूण करावी. हातगळ असेल तर धाग्याला रंगीत दोरा बांधला तरी काम होते.

तळ पाहता येत नाही, पण मोजता येतो. नुसते शिसे फेकावे आणि ते पाण्याला टेकल्यापासून धागा सैल पडेपर्यंत आकडे म्हणावेत. एका ठिकाणी बारापर्यंत म्हणावे लागले आणि चार हात पुढे आठावरच धागा सैल पडला, तर मध्ये उंचवटा आहे हे निश्चित. मग शिसे हळूहळू ओढावे. चिखलावर ते जड पण सलग येते, मुरमावर टकटक करीत येते, झुडपात अडकते. अशा उंचवट्याच्या कडेला वाऱ्याने आणलेले अन्न साठते, किडे-शंखशिंपले राहतात. मासा त्या कडेनेच चरत जातो, गुरे बांधाच्या कडेने चरत जातात तशी. पश्चिमेचा वारा सुटला की पूर्वेचा काठ धरावा, कारण वरच्या थरातील खाद्य तिकडे लोटले जाते.

उजनीचा तळ हा मूळचा नदीचा तळ नव्हे. ती शिवारे आहेत, गाडीवाटा आहेत, विहिरी आहेत, वाडे आहेत. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे पुष्कळांनी पाहिले आहे. देवळाची बातमी वर्तमानपत्रात येते, बांधाची येत नाही. पण मासा देवळापाशी जितका जातो तितकाच बुडालेल्या बांधापाशीही जातो. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत. मी टोपली भरून काठावर उभा राहिलो की ते समोर पाहून सांगतात, “त्या बाभळीच्या नीट समोर टाक. तितं आपला ताल व्हता. त्याच्या पलीकडं गाळाची पट्टी, तितं काय न्हाय.” ताल म्हणजे मोठा बांध. शिसे टाकून आकडे म्हणावेत, तर बरोबर त्याच ठिकाणी आकडा चारने कमी होतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या जमिनीवर पाणी आहे, तिचा चढउतार त्यांच्या पायांना अजून पाठ आहे.

गावच्या जुन्या नकाशात गटांच्या हद्दी सापडतात. पण कोणता बांध छातीएवढा होता, मोटेची धाव कोणत्या अंगाला होती, ओढा कोठे वळत होता, हे त्यात नसते. ते ज्यांनी ती जमीन नांगरली त्यांनाच ठाऊक आहे, आणि अशी माणसे आता प्रत्येक गावात हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांच्यानंतर हा तळ आपल्याला केवळ शिसे टाकून, आंधळ्याने चाचपावा तसा चाचपावा लागेल. इंग्लंडमधील हौशी लोक तळाचा नकाशा काढणारी महागडी यंत्रे वापरतात. आपल्याकडे तो नकाशा ओसरीवर बसलेला आहे, त्याला विचारणारा पाहिजे.

ओढ ओळखणे

गळ पडल्यावर धागा हलकेच ताणून काठी ठेवावी आणि शेंड्याकडे लक्ष द्यावे. कोणी शेंड्याला घुंगरू बांधतात. इंग्लंडमध्ये वॉकर यांनी याच कामासाठी विजेवर वाजणारी घंटी तयार केली होती. शेंडा बारीक बारीक थरथरतो तेव्हा ती चिलापीची कुरतड असते, तिकडे दुर्लक्ष करावे. शेंडा एकदा संथपणे वाकून परत येतो तेव्हा माशाचे अंग धाग्याला घासलेले असते. तेव्हा गळ ओढणे म्हणजे जमलेला कळप पिटाळून लावणे होय. शेंडा वाकतो आणि वाकलेलाच राहतो, किंवा ताणलेला धागा अचानक ढिला पडतो, तेव्हा मासा लागला. टोपलीच्या वजनाने गळ आधीच रुतलेला असतो, जोराचा हिसका देण्याचे कारण नाही. काठी उचलून ताण धरला की पुरे.

मोठा मासा पहिल्या झटक्याला थांबविता येत नाही. रिळाची कळ थोडी सैल ठेवावी म्हणजे धागा तुटण्याआधी सुटत जातो. हातगळ असेल तर बोटांतून धागा सोडावा, मात्र तो बोटाला गुंडाळू नये, बोट कापते. मासा दमला, कुशीवर आला की दांड्याची जाळी त्याच्याखाली नेऊन उचलावा. धाग्याने ओढून काठावर फरफटवू नये.

दोन मर्यादा

या पद्धतीत निवड करता येते, हा तिचा मोठा गुण आहे. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढे बीजही सापडते आणि मरते. गळाला लागलेला लहान मासा ओल्या हाताने सोडवून परत सोडता येतो. पावसाळ्याच्या तोंडी पोट फुगलेली मादी लागली तर तिलाही सोडावे. पहिल्या पुराबरोबर मासे वरच्या अंगाला चढतात ते विण्यासाठी. चढणीचे मासे सोपे सापडतात म्हणूनच ते तेव्हा धरू नयेत. दुसरी मर्यादा तंगुसाची. तुटलेला धागा काठावर टाकून येऊ नये. तो कुजत नाही, आणि उजनीवर येणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत अडकतो. गोळा करून घरी आणावा. आणि जेथे मासेमारीचा ठेका किंवा परवाना असेल तेथे आधी विचारून मगच गळ टाकावा, हे वेगळे सांगायला नकोच.

आपल्याकडे भूगोलाच्या वर्गात क्षेत्रभेट असते, इतिहासाच्या वर्गात स्थानिक इतिहासाचा प्रकल्प असतो. धरणकाठच्या गावांतून येणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी गावचा जुना नकाशा घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी एक दुपार बसावे आणि बुडालेले बांध, ताल, विहिरी, ओढे त्यावर खुणा करून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. मे महिन्यात पाणी ओसरले की जाऊन त्या पडताळताही येतील. मासे धरणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. ज्यांना मासे धरायचे नाहीत त्यांनाही आपले शिवार कोठे होते, हे तरी कळेल.